तिरक्या भिंतीचा हिशेब

एक साधा प्रश्न विचारतो. दहा मीटर खोल पाणी अडवणाऱ्या दोन भिंती आहेत. पहिल्या भिंतीमागे हातभर रुंदीचा अरुंद हौद आहे. त्यातलं सगळं पाणी दोन-तीन टँकरमध्ये मावेल. दुसऱ्या भिंतीमागे नजर पोचेल तिथवर पसरलेला जलाशय आहे. दोन्ही भिंतींची लांबी सारखी, उंची सारखी, पाण्याची खोली सारखी आणि पाणी अगदी संथ. कोणत्या भिंतीवर पाण्याचा जोर जास्त?

हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारला आहे. शिक्षकांना, शेतकऱ्यांना, कविमित्रांना. जवळजवळ सगळे जलाशयाकडे बोट दाखवतात. एवढं अफाट पाणी मागून रेटतंय म्हटल्यावर त्याचाच जोर जास्त असणार, असं मनाला वाटतंच. पण खरं उत्तर वेगळं आहे. दोन्ही भिंतींवर जोर सारखाच, तसूभरही कमी-जास्त नाही. माणसांची गर्दी मागून रेटते तसं पाणी रेटत नाही. संथ पाण्याचा जोर ठरतो तो त्याच्या खोलीवर. मागे चार घागरी आहेत की चार तालुके भिजवणारं पाणी आहे, याच्याशी भिंतीला देणंघेणं नसतं.

ही गोष्ट ज्यानं आकड्यांनी सिद्ध केली आणि उभ्या भिंतीबरोबर तिरक्या भिंतीवरचाही जोर मोजून दाखवला, त्या माणसाची ही कहाणी आहे. त्याचं नाव सायमन स्टेविन. साल १५८६. मी कवितेचा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचं. तरीही या माणसाच्या गणितात मी अडकलो, कारण त्यानं ते कोणत्या भाषेत लिहिलं हा त्या गणिताइतकाच मोठा प्रश्न आहे. पण आधी गणित.

स्टेविनचा जन्म १५४८चा, ब्रूज शहरातला. हे शहर आज बेल्जियममध्ये आहे. तरुणपणी त्यानं अँटवर्पला जमाखर्चाच्या वह्या लिहिल्या, मग ब्रूजच्या करखात्यात कारकुनी केली. १५८१च्या सुमारास तो उत्तरेला, हॉलंडमधल्या लायडनला आला आणि १५८३ साली तिथल्या विद्यापीठात त्यानं नाव घातलं. तेव्हा त्याचं वय पस्तिशीला आलं होतं. म्हणजे हा काही लहानपणापासून ग्रंथांत वाढलेला पंडित नव्हे. हिशेबनीस होता, आणि हिशेबनिसाची सवय त्याच्या विज्ञानातही उतरली. कुठलीही रक्कम मोघम सोडायची नाही.

तो ज्या मुलखात आला, तिथे पाण्याचा हिशेब हा जगण्या-मरण्याचा प्रश्न होता. आपल्या रायगडच्या खारेपाटात बांध घालून खाडीचं पाणी अडवतात आणि उघाडीतून आतलं पाणी बाहेर सोडतात, हे ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हॉलंड चटकन समजेल. फक्त तिथे एखाद्या गावाची नव्हे, देशाच्या मोठ्या भागाची जमीनच समुद्राच्या पातळीखाली. बांध आहे म्हणून घर आहे. १ नोव्हेंबर १५७० रोजी समुद्र बांध फोडून आत आला आणि हजारो माणसं बुडाली. स्टेविन तेव्हा बाविशीतला होता. बांध घालणारे कारागीर त्या काळीही कुशल होते. आंद्रीस फीर्लिंग नावाच्या एका जाणत्या बांधकारानं आयुष्यभराचा अनुभव म्हातारपणी लिहून ठेवला. पाण्यावर बळजबरी करू नये, ते त्याची परतफेड करतं, अशी त्याची शिकवण होती. त्याचं हस्तलिखित छापलं गेलं ते मात्र थेट १९२० साली.

बांधकाराला अनुभवानं कळत होतं की, पाण्यासमोर सरळ उभी भिंत घालण्यापेक्षा उतरता बांध बरा. का बरा आणि किती बरा, हे मात्र कुणाला सांगता येत नव्हतं. ग्रंथांतही ते नव्हतं. आर्किमिडीजनं ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात तरंगणाऱ्या वस्तूंचा नियम सांगितला होता. पुढे मर्व शहरातल्या अल-खाझिनीनं ११२१ साली अरबीत ‘मीझान-उल-हिकमा’ म्हणजे ‘शहाणपणाचा तराजू’ हा ग्रंथ लिहिला. धातू आणि रत्नं पाण्यात तोलून त्यांची पारख कशी करायची, याचं बारीक शास्त्र त्यात आहे. पण हे सगळे प्रश्न पाण्यात बुडालेल्या वस्तूचे. पाणी अडवून उभ्या असलेल्या भिंतीला काय सोसावं लागतं, हा प्रश्न पद्धतशीर सोडवला तो स्टेविननं.

अडचण काय होती बघा. हौदाच्या सपाट तळावर किती भार आहे, हे सांगणं सोपं. तळाचा प्रत्येक भाग सारख्याच खोलीवर असतो. पण भिंतीचं तसं नाही. भिंतीचा माथा पाण्याच्या पातळीवर असतो, तिथे दाब शून्य. जसजसं खाली जावं तसतसा दाब वाढत जातो. जो आकडा जागोजागी बदलतो, त्याची बेरीज करायची कशी?

स्टेविननं हिशेबनिसाचा मार्ग धरला. भिंतीच्या आडव्या पट्ट्या पाडल्या. त्याची युक्ती मी आपल्या दहा मीटरच्या भिंतीवर करून दाखवतो. भिंतीचा एक मीटर रुंदीचा तुकडा घ्या आणि त्याच्या एकेक मीटर उंचीच्या दहा पट्ट्या करा. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन असतं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. आता प्रत्येक पट्टीवरचा दाब तिच्या वरच्या कडेच्या खोलीवरून धरा. पहिल्या पट्टीला शून्य, दुसरीला एक टन, तिसरीला दोन, असं करत शेवटच्या पट्टीला नऊ. बेरीज झाली ४५ टन. हा आकडा खऱ्यापेक्षा कमी आहे, कारण पट्टीचा बाकीचा भाग कडेपेक्षा खोल आहे. आता उलट करा. प्रत्येक पट्टीच्या खालच्या कडेवरून हिशेब धरा. एक, दोन, तीन, शेवटी दहा. बेरीज ५५ टन. हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त आहे. म्हणजे खरा जोर ४५ आणि ५५ यांच्या मध्ये कुठेतरी आहे.

पट्ट्या आणखी बारीक करा. शंभर केल्या तर कमीचा आकडा साडेएकोणपन्नास होतो आणि जास्तीचा साडेपन्नास. हजार केल्या तर ४९.९५ आणि ५०.०५. दोन्हीकडून भिंती जवळ सरकवत न्याव्यात तसे हे आकडे एका जागी येऊन भेटतात. ती जागा म्हणजे ५० टन. न्यूटन आणि लायब्निझ यांच्या नावावर जे कलनशास्त्र जमा आहे, त्याचं बीज इथे स्पष्ट दिसतं. आणि ते दोघे जन्माला यायला तेव्हा अर्धशतकाहून जास्त अवकाश होता.

या हिशेबाचा सारांश कुणालाही तोंडपाठ करता येईल असा आहे. खोलीला खोलीनं गुणा, दोननं भागा. जे उत्तर येईल तितके टन, भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर. दहा मीटरला पन्नास टन. वीस मीटरला किती? शंभर नव्हे, दोनशे. खोली दुप्पट झाली की जोर चौपट. आणि हा सगळा जोर एका ठिकाणी एकवटला आहे असं मानलं, तर ती जागा भिंतीच्या मध्यावर येत नाही. ती वरून दोन तृतीयांश खोलीवर, म्हणजे तळापासून एक तृतीयांश उंचीवर असते. तीही स्टेविननं काढून दिली. भिंत पायथ्याशी उलथवू पाहणारा रेटा या दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतो. म्हणून खोली दुप्पट झाली की उलथवणारा रेटा आठपट होतो. ‘भिंत थोडी उंच केली तर काय बिघडतं’ असं सहज बोलणाऱ्यानं हा आठाचा आकडा एकदा कागदावर मांडून बघावा.

आता तिरकी भिंत. दहा मीटरच खोल पाणी आहे, पण भिंत पंचेचाळीस अंशांत उतरती आहे. तिचा पायथा पाण्याखाली पुढे आलेला आहे आणि पाणी तिच्या अंगावर पहुडलं आहे, अशी कल्पना करा. भिंतीची तिरकी लांबी आता चौदा मीटरहून थोडी जास्त झाली. सरासरी खोली मात्र पूर्वीइतकीच, पाच मीटर. कारण दाब उभ्या खोलीवर ठरतो, भिंतीच्या तिरक्या लांबीवर नव्हे. दोहोंचा गुणाकार केला की जोर येतो जवळजवळ ७१ टन.

म्हणजे भिंत तिरकी केल्यानं जोर कमी झाला नाही, उलट वाढला! मग बांधकार म्हाताऱ्यांचा अनुभव खोटा की काय?

खोटा नाही. फरक दिशेचा आहे. संथ पाणी कुठल्याही पृष्ठभागाला कधी तिरकं ढकलत नाही, नेहमी काटकोनातच ढकलतं. उभ्या भिंतीला ते आडवं ढकलतं. तिरक्या भिंतीला काटकोनात ढकलायचं, तर त्याला पुढे आणि खाली असं दोन्हीकडे ढकलावं लागतं. त्या ७१ टनांची फोड केली की दोन वाटे मिळतात. पुढे रेटणारा वाटा पन्नास टन, म्हणजे उभ्या भिंतीइतकाच. आणि खाली दाबणारा वाटाही पन्नास टन. हा दुसरा वाटा म्हणजे दुसरं काही नसून उतारावर बसलेल्या पाण्याचं वजन. जे पाणी भिंत ढकलू पाहतं, तेच पाणी तिच्या अंगावर बसून तिला जमिनीशी घट्ट दाबून धरतं. उतरत्या बांधाचं गुपित ते हेच.

पण तीच भिंत उलटी कलली असेल, म्हणजे पाण्यावर झुकलेली असेल, तर तोच पन्नास टनांचा वाटा तिला वर उचलू पाहतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याशी गाठ पडणार आहे.

तिरक्या उतारावरच्या बलांचा नियमही स्टेविननं त्याच १५८६ साली मांडला. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्यानं तिकोनी उतारावर ठेवलेल्या गोळ्यांच्या माळेचं चित्र छापलं. माळ आपोआप फिरत राहणार नाही, हे ज्याला पटेल त्याला उताराचा नियम त्यातच सापडेल, असा त्याचा युक्तिवाद होता. चित्रासोबत त्याचं ब्रीद होतं: चमत्कार वाटतो, पण तो चमत्कार नसतो, अशा अर्थाचं.

आता भाषेकडे येतो. ही दोन पुस्तकं, एक तोलण्याच्या कलेचं आणि दुसरं ‘पाण्याच्या वजनाची मूलतत्त्वं’ सांगणारं, स्टेविननं डच भाषेत लिहिली. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण तेव्हा युरोपात विद्वानाची भाषा एकच होती, लॅटिन. डच ही बाजाराची, होडीवाल्यांची, स्वयंपाकघरातली भाषा. स्टेविन लॅटिन जाणत होता. तरीही त्यानं डच निवडली. एवढंच नव्हे, तोलण्याच्या कलेच्या पुस्तकात डच भाषेच्या योग्यतेवर एक स्वतंत्र निबंध घातला. आपल्या भाषेत एकाक्षरी, आटोपशीर शब्द किती आहेत, त्यांची जोडणी करून नवे शब्द किती सहज घडतात, याची त्यानं यादीच दिली. हिशेबनीस तो, भाषेचं प्रेमही मोजून दाखवणार!

आणि त्यानं शब्द घडवले. गणितासाठी बहुतेक युरोपीय भाषा ग्रीकातून आलेला शब्द वापरतात. डच भाषा मात्र आजही ‘विस्कुंडे’ म्हणते, म्हणजे जे निश्चित आहे त्याचं ज्ञान. त्याचं मूळ स्टेविनच्या शब्दात आहे. समांतर रेषांना त्यानं ‘सारख्याच रुंदीवर राहणाऱ्या’ अशा अर्थाचा शब्द दिला. पुस्तकी नव्हे, शेताच्या बांधावर उभं राहून सुचावा असा. १६०० साली राजपुत्र मॉरिट्सच्या सांगण्यावरून लायडन विद्यापीठात मोजणीदार आणि अभियंते घडवणारा वर्ग सुरू झाला. त्याचा अभ्यासक्रम स्टेविननं आखला आणि तिथलं शिकवणं डचमधून होतं.

याची किंमतही त्यानं मोजली. बाहेरच्या युरोपला डच वाचता येत नव्हती. त्याच्या लेखनाचं लॅटिन भाषांतर १६०५ ते १६०८च्या दरम्यान आलं, फ्रेंच १६३४मध्ये, म्हणजे तो वारल्यानंतर चौदा वर्षांनी. द्रवाचा दाब सर्व दिशांना सारखा पोचतो हे तत्त्व पुढे फ्रान्सच्या पास्कालनं नेटकेपणानं मांडलं. त्याचा ग्रंथ १६६३ साली प्रसिद्ध झाला आणि दाबाच्या एककाला आज नाव आहे ते पास्कालचं. स्टेविनचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा भेटत नाही. पण बांधामागे राहणाऱ्या माणसाला बांधाचं गणित त्याच्या भाषेत कळलं पाहिजे, हा त्याचा निर्णय मला त्याच्या कुठल्याही सिद्धान्ताइतका मोलाचा वाटतो.

गणित तयार होतं, पण मोठी धरणं बांधणाऱ्यांनी ते अडीचशे वर्षं फारसं वापरलं नाही. स्टेविन लिहीत होता त्याच सुमारास स्पेनमध्ये अलिकांतेजवळ तिबीचं दगडी धरण उभं राहत होतं. उंची चाळीस मीटरहून अधिक आणि तळाशी जाडी तीस मीटरहून अधिक. हिशेब येत नसेल तर दगड वाढवायचा, ही जुनी रीत. ते धरण आजही उभं आहे. पण दगड महाग झाला, धरणं उंच झाली, तेव्हा ‘किती दगड पुरेसा’ हा प्रश्न टाळता येईना. १८५३ साली फ्रान्समध्ये द साझिली या अभियंत्याचा निबंध छापून आला आणि दगडी धरणाचा आकार आकड्यांवरून ठरवायला सुरुवात झाली. १८६६ साली सेंट एतियेनजवळ पन्नास मीटरहून उंच असं फ्युरांचं धरण याच विचारातून पुरं झालं.

यानंतरचं पाऊल मुंबईच्या निमित्तानं पडलं, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. १८६०मध्ये विहारचं पाणी मुंबईला मिळू लागलं होतं, पण शहर त्याहून वेगानं वाढत होतं. नव्या पाणीयोजनेच्या विचारात असताना मुंबई पालिकेचे अभियंता कॅप्टन टुलोक यांनी ग्लासगोचे प्राध्यापक रँकिन यांना विचारलं: दगडी धरणाचा योग्य आकार कोणता? रँकिनचं उत्तर १८७२च्या जानेवारीत प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या धरणकारांनी ते अभ्यासलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रँकिन वारले. वय अवघं बावन्न.

रँकिनच्या उत्तरात तिरक्या भिंतीचाच एक बारकावा होता. धरणाची बाहेरची, कोरडी बाजू जास्त उतरती असते. पाण्यानं रेटलेल्या धरणाचा भार शेवटी त्या बाजूच्या पायथ्याशी जातो, आणि तिथे दगडावरचा ताण सरळ खाली नसून उताराच्या दिशेनं असतो. फक्त उभा भार मोजला तर दगड प्रत्यक्षात सोसतो त्यापेक्षा कमी आकडा हाती येतो. म्हणून रँकिननं दोन बाजूंना वेगवेगळ्या मर्यादा घातल्या. पाण्याकडच्या बाजूला १६० फूट उंच दगडी खांबाच्या वजनाइतका भार चालेल, बाहेरच्या उतरत्या बाजूला मात्र १२५ फुटांइतकाच. शिवाय भार नेहमी पायाच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यातून गेला पाहिजे, म्हणजे भिंत कुठेही ताणली जाणार नाही, असा दंडक सांगितला. मुंबईसाठी तानसाचं अडीच किलोमीटरहून लांब दगडी धरण १८९२ साली पुरं झालं, तोवर दगडी धरण अंदाजानं बांधायचा काळ मागे पडला होता.

पण हिशेबात एक कलम राहिलं होतं, आणि ते वसूल झालं माणसांच्या जिवांनी. फ्रान्समध्ये एपिनालजवळ बूझेचं धरण होतं, सुमारे बावीस मीटर उंच. १८८४ साली पाणी भरत असताना भिंतीचा मोठा तुकडा फूटभर पुढे सरकला. दुरुस्ती झाली, पायथ्याला आधार दिला गेला, धरण पुन्हा भरलं. २७ एप्रिल १८९५ रोजी भिंतीचा वरचा भाग तुटून गेला आणि खालच्या गावांतली ऐंशीहून अधिक माणसं मेली.

चूक कुठे होती? धरणकारांनी पाणी भिंतीच्या समोरच्या अंगावर मोजलं होतं. पण पाणी समोरच्या अंगावर थांबत नाही. ते सांध्यांत शिरतं, भेगांत शिरतं, पायाखाली शिरतं. आणि जिथे पृष्ठभाग मिळेल तिथे काटकोनात ढकलतं. आडव्या भेगेत शिरलेलं पाणी वरच्या दगडाला उचलतं. पाण्यावर झुकलेल्या भिंतीबद्दल मघाशी म्हटलं होतं ते हेच. ज्या वजनाच्या भरवशावर धरण उभं असतं, ते वजनच पाणी आतून हलकं करतं. अपघातानंतर मोरिस लेव्ही या फ्रेंच गणितज्ञानं नियम सांगितला: पाण्याकडच्या बाजूला दगडावरचा दाब त्या खोलीच्या पाण्याच्या दाबापेक्षा जास्तच राहिला पाहिजे, म्हणजे भेगेत पाण्याला शिरकाव मिळणार नाही. आज दगडी आणि काँक्रीटच्या धरणांच्या पोटात बोगदे ठेवतात, निचऱ्याची भोकं पाडतात, झिरपणारं पाणी रोज मोजतात. त्यामागे बूझेसारख्या धड्यांचा वाटा मोठा आहे. स्टेविनचा नियम चुकला नव्हता. तो कुठे कुठे लावायचा, एवढंच अपुरं समजलं होतं.

हिशेब कुणाच्या भाषेत असावा, हा प्रश्न आपल्याही वाट्याला आला होता. १८२०च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी एतद्देशीय विद्यार्थ्यांसाठी अभियांत्रिकीची शाळा चालवली आणि गणिताची इंग्रजी पुस्तकं मराठीत आणवली. भूमिती, क्षेत्रमापन मराठीतून शिकवता येतं, हे त्यांनी करून दाखवलं होतं. पुढे १८४०च्या दशकात मुंबईच्या शिक्षण मंडळात वाद झडला. वरचं शिक्षण इंग्रजीतून की देशी भाषांतून? सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे होते, जर्व्हिस देशी भाषांच्या. मंडळावरच्या तिन्ही हिंदी सभासदांनी जर्व्हिस यांना साथ दिली: जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान. वाद अखेर इंग्रजीच्या बाजूनं गेला.

मी मराठीत का लिहितो, असं मला अधूनमधून विचारलं जातं. घरात दखनी, नमाजेत अरबी, मग मराठी कुठून? असे प्रश्न आले की मला ही तीन नावं आठवतात. भाषा ही जातीची किंवा धर्माची खाजगी मालमत्ता नसते. एका बांधामागे राहणाऱ्या सगळ्यांची ती असते.

याला जोडून पानशेतची आठवण येते. १२ जुलै १९६१च्या सकाळी पानशेतचं मातीचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची जुनी दगडी भिंत गेली आणि पुण्यात पाणी शिरलं. पानशेतला जोराचा हिशेब चुकला नव्हता. काम अपुरं असताना धरण भरलं, मोरीभोवतीची माती खचत गेली. जवान आणि कामगार रात्रभर वाळूची पोती रचत होते. पण नदीकाठच्या पेठांतल्या कित्येकांना धोका समजला तो पाणी दारात आल्यावर. धरणाबद्दल जे काही माहीत होतं, ते वरच्या कचेऱ्यांत माहीत होतं. खाली राहणाऱ्याला त्यातलं काय ठाऊक होतं?

२०२१ साली देशात धरणसुरक्षेचा कायदा झाला. संकट आलं तर काय करायचं याचा आराखडा तयार ठेवणं त्यानं धरणाच्या मालकावर बंधनकारक केलं. चांगली गोष्ट आहे. माझं म्हणणं एवढंच की, असा आराखडा धरणाखालच्या गावात, त्या गावाच्या भाषेत पोचला पाहिजे. पाणी कुठवर येईल, किती वेळात येईल, कुठल्या वाटेनं टेकडीवर जायचं, हे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिलेलं असावं आणि शाळेतल्या पोरांना पाठ असावं. तांत्रिक आहे, लोकांना कळणार नाही, ही सबब साडेचारशे वर्षांपूर्वी स्टेविनलाही देता आली असती.

पुढच्या वेळी एखाद्या धरणावर सहलीला गेलात की फोटो काढून झाल्यावर एक काम करा. भिंतीशी पाणी किती खोल आहे ते तिथल्या माणसाला विचारा. त्या आकड्याला त्याच आकड्यानं गुणा आणि दोननं भागा. तीस मीटर असेल तर उत्तर येईल ४५०. तुम्ही उभे आहात त्या भिंतीचा प्रत्येक मीटर तुकडा तेवढे टन अडवून उभा आहे, रात्रंदिवस. मग सोबतच्या मुलांना तो हिशेब समजावून सांगा. मराठीत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)